किल्ली, कवच आणि पुण्यातील जोडपी

१/ १९८६. मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासण्यांतून भारतातील एचआयव्हीचा पहिला पुरावा हाती आला. १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. प्रश्न एकच होता: हा विषाणू एका माणसातून दुसऱ्यात शिरतो कसा?

२/ उत्तर विषाणूच्या पृष्ठभागावर आहे. तेथे प्रथिनांचे काटे असतात. जीपी१२० हे काट्याचे टोक, जीपी४१ हा देठ. टोक पेशीवरील सीडी४ला बिलगते, मग सीसीआर५ला; त्यानंतर देठ विषाणूचे आवरण पेशीच्या पटलात मिसळवतो. सीडी४ची भूमिका १९८४ मध्ये उलगडली, सीसीआर५ची १९९६ मध्ये.

३/ वाट मात्र अरुंद असते. बाधिताच्या शरीरात विषाणूची असंख्य रूपे असली, तरी लैंगिक संसर्गात बहुधा एकच नव्या शरीरात मूळ धरते, आणि ते बहुतेकदा सीसीआर५ वापरणारे असते. भारतात सी उपप्रकार प्रबळ आहे. याच उपप्रकाराच्या झांबियातील जोडप्यांत २००४ मध्ये दिसले, की पार झालेल्या विषाणूंच्या जीपी१२०चे काही भाग आखूड आणि त्यांवरील शर्करेचे कवच विरळ होते.

४/ मग लसीचा नेम याच प्रथिनावर का धरू नये? तसा धरला गेला. पण जीपी१२०ची लस २००३ मध्ये मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरली. सतत पालटणारे रूप आणि शर्करेचे कवच यांमुळे प्रतिपिंडांना हे प्रथिन सहजी सापडत नाही.

५/ २००५ मध्ये भारतातील पहिली मानवी एचआयव्ही लसचाचणी पुण्यात सुरू झाली. त्या लसीत पृष्ठप्रथिन नव्हतेच. भर विषाणूच्या अंतर्गत प्रथिनांवर होता. प्रतिसाद क्षीण राहिला.

६/ यश वेगळ्या वाटेने आले. एक जोडीदार बाधित आणि दुसरा निरोगी, अशी १,७६३ जोडपी ९ देशांतून एका अभ्यासात सहभागी झाली. त्यांत पुणे आणि चेन्नईचीही होती. काही बाधितांना औषधे तत्काळ मिळाली, काहींना नंतर.

७/ २०११चा निष्कर्ष: जोडीदाराकडूनच झाल्याचे जनुकीय तुलनेने सिद्ध झालेले संसर्ग २८. त्यांपैकी २७ उशिरा उपचार मिळालेल्या गटात, तत्काळ उपचाराच्या गटात अवघा १.

८/ औषधांनी किल्ली मोडली नाही. किल्ल्या घेऊन फिरणाऱ्यांची संख्याच घटवली. निष्कर्ष हाती येताच प्रतीक्षेतील गटालाही औषधे देऊ करण्यात आली. ज्या घरांत स्पर्शाचीही धास्ती होती, तेथे सहजीवनाला आता शास्त्राचा आधार मिळाला.