गुडघ्यांतील चंद्रकोर



गुडघा आपण दिवसांतून शेंकडों वेळां वांकवितों. पण तो दुखूं लागेपर्यंत त्याच्या आंत काय आहे याची चौकशी आपण करीत नाहीं. मींहि ती दुखणें आल्यावरच केली. १९७८ सालीं हुतूतू खेळतांना माझा पाय जमिनीस रोंवलेला राहिला, अंग मात्र वळलें, आणि गुडघा जो अडकला तो सरळ होईना. शस्त्रवैद्यांनीं आंतील फाटलेली गादी समूळ काढून टाकली. थोड्याच आठवड्यांत मी हिंडूंफिरूं लागलों. आज साठी उलटल्यावर तोच गुडघा जिना चढतांना कुरकुरतो. त्या शस्त्रवैद्यांस मी दोष देत नाहीं; त्या काळची समजूतच तशी होती. ती समजूत कशी रूढ झाली आणि कशी मोडली, तें आज सांगावयाचें आहे.

मांडीचें हाड व नडगीचें हाड जेथें मिळतात, तेथें हाडांच्या टोंकांवर गुळगुळीत कूर्चेचें अस्तर असतें, आणि मध्यें दोन बाजूंस चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. वैद्यकांत त्यांस मेनिस्कस म्हणतात. या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळीं लहानशी चंद्रकोर असा आहे.

कूर्चेचें अस्तर एकदां नष्ट झालें म्हणजे पुन्हां भरून येत नाहीं, असें विल्यम हंटर यांनीं १७४३ सालींच लिहून ठेविलें होतें. गाद्यांची कथा मात्र निराळी आहे. एडिंबरो येथील टॉमस अ‍ॅनंडेल यांनीं १६ नोव्हेंबर १८८३ रोजीं एका खाणकामगाराचा गुडघा उघडला. गादी जागेवरून सुटली होती. त्यांनीं ती कापून टाकिली नाहीं. टांके घालून पुन्हां जागीं बसविली. रोग्यास गुण आला. म्हणजे प्रारंभींच योग्य मार्ग सांपडला होता!

परंतु १८९७ सालीं जॉन ब्लँड-सटन यांनीं, या गाद्या म्हणजे पायाच्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष होत, असें मत मांडलें. जें निरुपयोगी तें शिवण्याची यातायात कशास? गादी फाटली कीं समूळ काढावी, हा प्रघात पडला आणि पाऊणशें वर्षें टिकला. रोगी लवकर चालूं लागे, म्हणून शंका कोणास येत नसे. हानि दिसे ती दहा-वीस वर्षांनीं. तोंवर रोगी कोठें आणि शस्त्रवैद्य कोठें!

या मतास धक्का दिला तो १९४८ सालीं इंग्लंडांतील टी. जे. फेअरबँक यांनीं. गादी काढलेल्या शंभरांहून अधिक गुडघ्यांचीं क्ष-किरण चित्रें त्यांनीं तपासलीं. पुष्कळांत सांध्यांतील फट अरुंद झाली होती, हाडाच्या कडेस उंचवटे आले होते. गादी अंगावर भार घेत होती. ती गेल्यावर तो भार हाडांवर पडला. तरीहि जुना प्रघात लगेच सुटला नाहीं.

दुसरा प्रश्न होता, शिवलेली गादी सांधेल काय? १९३६ सालीं डॉन किंग यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविलें होतें कीं, बाहेरच्या कडेपर्यंत पोंचलेली चीर भरून येते, आंतल्या भागांतील येत नाहीं. त्याचें कारण १९८२ सालीं आर्नोक्झी व वॉरन यांनीं स्पष्ट केलें: रक्तवाहिन्या गादीच्या बाहेरच्या सुमारें १० ते ३० टक्के रुंदींतच असतात. जेथें रक्त, तेथें दुरुस्ती.

सांधा न उघडतां आंत पाहण्याची विद्या जपानांत वाढली. टोकियो येथें १९१८ सालीं केंजी ताकागी यांनीं मृत देहाच्या गुडघ्यांत मूत्राशय पाहण्याची नळी घालून पाहिली. १९६२ सालीं मासाकी वातानाबे यांनीं अशाच नळीच्या साह्यानें गादीचा केवळ फाटका तुकडा काढला. १९६९ सालीं हिरोशी इकेउची यांनीं त्याच रीतीनें गादी शिवली. अ‍ॅनंडेलचा टांका ८६ वर्षांनीं नव्या वाटेनें परत आला. पुढें १९९४ सालीं स्वीडनमधील वैद्यांनीं २३ रोग्यांच्या स्वतःच्या कूर्चापेशी वाढवून अस्तराच्या खळग्यांत रुजविल्याचें प्रसिद्ध केलें, आणि हंटरच्या निराशेसहि थोडें उत्तर मिळालें.

मात्र प्रत्येक चीर शस्त्राची वाट पाहत नसते. २०१३ सालीं फिनलंडांत वयपरत्वें झिजून फाटलेल्या गादीच्या १४६ रोग्यांपैकीं कांहींचा तुकडा खरोखर काढला, इतरांवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा केला. वर्षानंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. म्हणून अशा झिजेंत आतां प्रथम व्यायाम सांगतात. तरुणाचा अडकलेला गुडघा ही गोष्ट वेगळी. तेथें विलंब नको.

गेल्या वर्षीं माझ्या नातवाची गादी खेळतांना फाटली. वैद्यांनीं ती शिवली. सहा आठवडे कुबड्या घ्याव्या लागल्या म्हणून तो कंटाळला, आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही तर माझ्याआधीं चालूं लागलां होतां!" मीं म्हटलें, "होय बाळ, म्हणूनच आज जिन्यावर तुझा हात धरावा लागतो. थोडी कळ सोस."