अध्ययन अक्षमता व अवधानन्यूनता असलेल्या मुलांचे संगोपन

बुद्धिमत्ता सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक, दृष्टी व श्रवणशक्ती पुरेशी आणि शालेय शिक्षण नियमित असूनही ज्या मुलांना वाचन, लेखन वा गणन वयाच्या मानाने साधत नाही, अथवा ज्यांना एका कामावर लक्ष टिकवणे, जागेवर बसणे आणि मनात येताच होणाऱ्या कृतीला आवर घालणे जड जाते, अशा मुलांचे घरातील व शाळेतील पालनपोषण आणि त्यास पूरक असलेली वैद्यकीय, शैक्षणिक व कायदेशीर साहाय्यव्यवस्था. पहिल्या प्रकारच्या अडचणीस विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात, दुसरीस अवधानन्यून अतिचलता विकार म्हणतात. व्यवहारात त्यांची एलडी आणि एडीएचडी ही आद्याक्षरी नावे अधिक रूढ आहेत. दोन्ही अवस्था मेंदूच्या विकासाशी निगडित असून त्यांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा मानला जातो. आळस, अतिलाड किंवा शिस्तीचा अभाव ही त्यांची कारणे नव्हेत. दोन्ही अवस्था एकाच मुलात आढळण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील परिस्थितीचा विचार केला आहे.

प्रकार : अध्ययन अक्षमतेचे वाचन-अक्षमता (डिस्लेक्सिया), लेखन-अक्षमता (डिस्ग्राफिया) आणि गणन-अक्षमता (डिस्कॅल्क्युलिया) असे तीन मुख्य प्रकार मानतात. अवधानन्यूनतेत लक्ष न टिकणे हे लक्षण प्रधान असलेला, अतिचलता व उतावळेपणा प्रधान असलेला आणि संमिश्र असे तीन प्रकार सांगितले जातात. यांपैकी पहिल्या प्रकारातील मूल वर्गात कोणालाही त्रास देत नसल्यामुळे शिक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही, आणि मुलींच्या बाबतीत निदान राहून जाण्याचे हे एक कारण मानले जाते.

इतिहास : बुद्धी शाबूत असूनही वाचता न येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाचे वर्णन डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १८९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले आणि तेथून हा विषय बालवैद्यकात आला. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समधील व्याख्यानांत, बुद्धी चांगली असूनही स्वतःवर ताबा ठेवू न शकणाऱ्या मुलांची लक्षणे मांडली. ‘अध्ययन अक्षमता’ ही संज्ञा सॅम्युएल कर्क यांनी १९६३ मध्ये शिकागो येथे पालकांच्या परिषदेत मांडली आणि तिच्याभोवती अमेरिकेत पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या. अवधानन्यूनतेस अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात १९८० मध्ये स्वतंत्र नाव मिळाले, तर आजचे नाव १९८७ च्या सुधारित आवृत्तीपासून रूढ झाले. भारतात बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने १९९१ च्या सुमारास अध्ययन अक्षमतेसाठी तयार केलेली कसोटीमालिका आजही शासकीय प्रमाणपत्रासाठी वापरली जाते.

निदान : शिक्षकांच्या तक्रारी, वहीतील चुका आणि शिकवणी लावूनही न वाढणारे गुण यांमुळे पालक तज्ज्ञाकडे जातात. प्रथम दृष्टी व श्रवण तपासले जाते, त्यानंतर चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यंक मोजतात आणि शेवटी विशेष शिक्षक वाचन, लेखन व गणन यांच्या चाचण्या घेतात. मुलाची प्रत्यक्ष पातळी इयत्तेपेक्षा साधारणतः दोन वर्षांनी मागे असणे हा मुंबईतील रुग्णालयांत दीर्घकाळ वापरला गेलेला निकष होय. अवधानन्यूनतेच्या निदानासाठी रक्तचाचणी किंवा मेंदूचे छायाचित्र उपयोगी पडत नाही. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असणे, किमान सहा महिने टिकलेली असणे आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळणे आवश्यक असते, म्हणून पालक व शिक्षक या दोघांकडूनही प्रश्नावली भरून घेतात. फक्त शाळेत ‘मस्तीखोर’ असलेल्या किंवा फक्त घरी अभ्यास टाळणाऱ्या मुलास हे निदान लागू होत नाही.

मराठी लेखन व अंकवाचन : वाचन-अक्षमतेचे बहुतेक संशोधन इंग्रजीवर आधारलेले आहे. देवनागरीत चिन्ह व ध्वनी यांचा मेळ अधिक नियमित असल्याने अडचणीचे स्वरूप बदलते. इंग्रजीत मूल स्पेलिंगमध्ये अडते, तर मराठीत ते ऱ्हस्वदीर्घ वेलांटी-उकार, अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे यांत अडते. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येत असली तरी लिहिताना आधी येते, तसेच ‘र’ हा वर्ण सूर्य, चक्र, राष्ट्र व दऱ्या या शब्दांत चार निरनिराळी रूपे धारण करतो. भ-म, घ-ध, प-ष या आकारसदृश अक्षरांची अदलाबदलही वारंवार आढळते. अक्षरांची व मात्रांची एकूण संख्या मोठी असल्याने ती आत्मसात होण्यास सर्वच मुलांना रोमन लिपीपेक्षा अधिक वर्षे लागतात, आणि त्यामुळे पहिली-दुसरीतील संथपणा नैसर्गिक की अक्षमतेचा, हे ठरवणे कठीण जाते. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने नंदिनी चॅटर्जी-सिंग यांच्या पुढाकाराने तयार केलेला ‘डाली’ हा चाचणीसंच हिंदी व कन्नडसह मराठीतही उपलब्ध असून तो पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. केवळ इंग्रजीत चाचणी घेऊन मराठी माध्यमाच्या मुलाचे निदान करणे अयोग्य मानले जाते.

मराठी संख्यानामांत एकक आधी व दशक नंतर उच्चारला जातो, आणि एकोणतीस, एकोणचाळीस यांसारख्या नावांत तर पुढच्या दशकाचा उल्लेख असतो. म्हणून २९ लिहिताना ९२ किंवा ३९ लिहिण्याची चूक गणन-अक्षम मुलांत दीर्घकाळ टिकते. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेल्या बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन जुन्या नावांच्या जोडीने देण्यात आले, तेव्हा त्यावर विधिमंडळापर्यंत वाद झाला. हा बदल सर्व मुलांसाठी होता, तरी विशेष शिक्षक अशा प्रकारची फोड पूर्वीपासून वापरत आले आहेत.

घरातील संगोपन : पालक-प्रशिक्षण हा लहान वयातील अवधानन्यूनतेवरील पहिला उपाय मानला जातो आणि सहा वर्षांखालील मुलांत तो औषधाच्या आधी सुचवला जातो. दिनक्रम ठरावीक ठेवणे, एका वेळी एकच व थोडक्यात सूचना देणे, ती मुलाच्या जवळ जाऊन त्याच्याकडे पाहत देणे, गृहपाठाचे दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडणे आणि अपेक्षित वर्तन घडताच लगेच कौतुक करणे ही त्याची मुख्य अंगे होत. तक्त्यावर चांदण्या जमवून त्यांच्या बदल्यात ठरलेली सवलत देण्याची पद्धत उपयोगी पडते, मात्र बक्षीस दूरचे असल्यास, उदाहरणार्थ वार्षिक परीक्षेनंतरच्या सायकलीचे, तिचा परिणाम होत नाही, कारण परिणामाची वाट पाहता न येणे हाच मूळ दोष आहे. चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहायला लावणे, भावंडाशी तुलना करणे आणि खेळाचा तास काढून तेथे आणखी एक शिकवणी लावणे या रूढ उपायांनी अध्ययन अक्षमता कमी होत नाही. तीस उपचारात्मक अध्यापन लागते. त्यात ध्वनी, अक्षर व हाताची हालचाल एकत्र जोडून, मुलाच्या इयत्तेपासून नव्हे तर त्याच्या प्रत्यक्ष पातळीपासून, आठवड्यातून काही तास वर्षानुवर्षे शिकवले जाते. इतर विषयांचे धडे पालकांनी मोठ्याने वाचून दाखवावेत, म्हणजे वाचनातील अडचण ज्ञानाच्या आड येत नाही, असा सल्ला दिला जातो.

मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयाच्या अध्ययन अक्षमता चिकित्सालयातून सुनील करंदे व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १०० मातांवरील अभ्यासात बहुतेकींत सौम्य प्रमाणात चिंता आढळली. अभ्यास घेण्याची जबाबदारी बहुधा आईवर असते आणि मुलाच्या अपयशाचा दोषही तिच्याकडेच जातो, त्यामुळे समुपदेशनात वडील व आजीआजोबा यांना सामील करून घेणे आवश्यक मानले जाते.

भावंडे : त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये, असे पालक-मार्गदर्शनात सांगितले जाते.

औषधोपचार : अध्ययन अक्षमतेवर औषध नाही. अवधानन्यूनतेसाठी मेथिलफेनिडेट व अ‍ॅटोमॉक्सेटिन ही औषधे भारतात वापरली जातात. यांपैकी पहिले अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाच्या अनुसूचीत असल्याने ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे आणि वजनवाढ घटणे हे त्याचे ज्ञात दुष्परिणाम होत. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौदा महिन्यांच्या अभ्यासात मुख्य लक्षणांवर काटेकोर औषधयोजना केवळ वर्तन-उपचारांपेक्षा सरस ठरली, परंतु दीर्घकालीन लाभाविषयी मतभेद आहेत.

प्रमाणपत्र व परीक्षेतील सवलती : अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत औपचारिक सवलती देण्यात महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये पुढाकार घेतला आणि त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. सुरुवातीस मुंबईतील मोजक्या सार्वजनिक रुग्णालयांची प्रमाणपत्रे ग्राह्य धरली जात असल्याने शीव, नायर व केईएम या महापालिका रुग्णालयांवर मोठा भार पडला. सवलतींत लेखी परीक्षेसाठी वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, आवश्यक तेथे लेखनिक, दुसऱ्या वा तिसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित व कार्यानुभव यांचा समावेश होता. सवलतींसह परीक्षा दिलेल्या मुलांचे गुण आधीच्या शालेय परीक्षांच्या तुलनेत वाढल्याचे शीव येथील अभ्यासात आढळले. मात्र गणित सोडल्याने अकरावीपासून विज्ञान शाखेचे व तंत्रशिक्षणाचे मार्ग बंद होतात, म्हणून ही सवलत आठवी-नववीत घाईने स्वीकारू नये, असे विशेष शिक्षक सुचवतात. प्रमाणपत्रासाठीची धावपळ बहुधा दहावी जवळ आल्यावर सुरू होते, तर उपचारात्मक अध्यापनाचा लाभ प्राथमिक वर्गांत सर्वाधिक होतो. सवलतींच्या गैरवापराचा आक्षेपही वेळोवेळी घेतला गेला आहे.

कायदा : १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि त्यातील २१ प्रकारांत तिचा समावेश झाला. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिक्षकांनी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, प्राथमिक चाळणी करावयाची असून आठ वर्षांपूर्वी प्रमाणपत्र दिले जात नाही. त्यानंतर चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी होते आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायम मानले जाते. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अवधानन्यूनता या २१ प्रकारांत स्वतंत्रपणे समाविष्ट नाही, त्यामुळे अध्ययन अक्षमता नसलेल्या अवधानन्यून मुलाच्या पालकांना शाळेच्या समजूतदारपणावरच विसंबावे लागते. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत लेखन-अक्षम विद्यार्थिनीला मुंबईच्या केंद्रावर तासाचा वाढीव वेळ नाकारला गेला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२१ रोजी अशा सवलती हा उपकार नसून हक्क असल्याची भूमिका घेतली. फेरपरीक्षेचा आदेश न देता झालेला अन्याय कसा दूर करता येईल, हे परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ठरवावे, असे निर्देश न्यायालयाने दिले.

लोकजागृती : तारे जमीन पर (२००७) या हिंदी चित्रपटामुळे वाचन-अक्षमता महाराष्ट्रातील सर्वसामान्य पालकांस परिचित झाली.

गोवा : सेतू ही बालविकास व कुटुंब-मार्गदर्शन संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे.

प्रौढ वय : अध्ययन अक्षमता आयुष्यभर टिकते, आणि अवधानन्यूनतेतील अतिचलता वयानुसार कमी झाली तरी विसराळूपणा व वेळेचे नियोजन न जमणे अनेकांत पुढेही आढळते. निदान झालेल्या मुलाच्या आईला किंवा वडिलांना स्वतःची तीच लक्षणे मुलाच्या तपासणीच्या वेळी प्रथम ओळखू येणे असामान्य नाही.