औंधच्या राजाने नेमकं काय दिलं?

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या घरापासून करतो.

गेल्या महिन्यात शेजारचा मुलगा आला. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीसाठी भट्टीचं तापमान मोजणारं यंत्र बनवतो. बंगळूरचे गुंतवणूकदार म्हणाले, आधी इकडे राहायला ये, मग बोलू. आईवडिलांना सोडून त्याला जायचं नाही. "काका, दहा लाख द्याल का?" निवृत्तीच्या पैशांतले जवळजवळ तेवढेच उरलेत. सौ.ने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, विचार करतो.

मग आठवले लक्ष्मणराव किर्लोस्कर. तेही इथलेच. मुंबईत शिकवत होते, बढती दुसऱ्याला मिळाली, नोकरी सोडून बेळगावला आले. भावाबरोबर सायकली विकल्या, मग कडब्याचं यंत्र आणि लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली! धंदा जरा बसतो तोच नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली, कारण ठळकवाडीची वसाहत वाढवायची होती. तीच आजची टिळकवाडी. मी रोज सकाळी तिथेच फिरायला जातो.

तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. संस्थान लहान, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. १९१० साली त्या निवडुंगाच्या आणि सापांच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

ही गोष्ट सांगताना सगळे दहा हजारांवर थांबतात. मी फौजी माणूस, माझी नजर स्टेशनवर जाते. तळ टाकताना आम्ही आधी रसद कुठून येणार ते बघायचो. आत लोखंड आणि कोळसा यायचा, बाहेर नांगर जायचे, म्हणून रुळांशेजारचा ओसाड माळ हीच खरी देणगी. रोकड त्यामानाने दुय्यम. नगरपालिकेने जे काढून घेतलं होतं, राजाने नेमकं तेच दिलं.

दुसरं म्हणजे, राजाने कागदावरच्या कल्पनेला पैसे दिले नाहीत. लक्ष्मणरावांना तो ओळखत होता, आणि नांगर तोवर शेतात चालत होता. टाटांनी पोलाद कारखान्यासाठी लंडनमध्ये भांडवल शोधलं, जमलं नाही. १९०७ मध्ये देशातच मागितलं, तेव्हा तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार लोकांनी ते दिलं. पण टाटांचं नाव देशभर होतं. गावच्या कारागिराचं नाव पंचक्रोशीपुरतं असतं, तर भांडवलही बहुधा त्याच पंचक्रोशीत शोधावं लागतं. त्यात धोका आहेच. नांगर पडून राहिले असते, तर औंधच्या तिजोरीला ते झेपलं असतं का, मला शंका आहे.

पुढे महायुद्धात लोखंड, कोळसा, रंग, सगळ्याचीच टंचाई झाली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असं आमच्याकडे सांगतात. तोफखान्यातले माझे मित्र ही गोष्ट ऐकून हळहळतात, मला मात्र आवडते. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. बेळगावला उरला तो किर्लोस्कर रोड.

मी तीनदा उद्यमबागेत गेलो. त्या मुलाचं यंत्र दोन फाउंड्रींत चालताना डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या खर्चाची वहीही बघितली. सर्वांत मोठा आकडा शेडच्या भाड्याचा होता.

दहा लाख नाही दिले. दोन दिले, आणि घरामागचं गॅरेज तीन वर्षं बिनभाड्याने. मोटार आता रस्त्यावर उभी असते. दुपारी ड्रिल सुरू झालं की सौ. म्हणते, तुमच्या राजाला झोप लागत होती का, ते एकदा शोधून काढा.