धुराची चाहूल आणि नऊ व्होल्टची बॅटरी

दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या स्मरणिकेत इतिहासाचा लेख म्हटला की पानिपत, महादजी शिंदे, नाहीतर जुन्या कॅनॉट प्लेसच्या आठवणी. यंदा संपादकांनी "इतिहासावर काहीतरी द्या" असे सांगितले तेव्हा मी छताला चिकटवलेल्या एका वाटीएवढ्या डबीचा इतिहास निवडला. तिला कोणी धूरसूचक म्हणतात, बहुतेकजण स्मोक अलार्मच म्हणतात. विषय कोरडा वाटेल, पण वाचकांनी थोडा धीर धरावा.

नोकरीनिमित्त १९७८ साली मी दिल्लीत आलो. त्यानंतरच्या वीस वर्षांत या शहराने आगीचे धडे फार महाग दराने घेतले. १९८३ साली राजेंद्र प्लेसच्या गोपाला टॉवर्सला आग लागली. उंच इमारतींची आणि सिनेमागृहांची तपासणी सुरू झाली, काहींचे परवाने निलंबित झाले. त्यात ग्रीन पार्कचे उपहार हेही होते. पण न्यायालयाची स्थगिती मिळाली आणि खेळ चालू राहिले. पुढे २३ जानेवारी १९८६ रोजी, कडाक्याच्या थंडीत, वसंत विहारमधल्या हॉटेल सिद्धार्थ काँटिनेंटलला आग लागून तीसहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी दिल्लीसाठी अग्निप्रतिबंधक कायदा झाला.

आणि मग १३ जून १९९७. उपहारमध्ये 'बॉर्डर'चा दुपारचा खेळ चालू असताना खालच्या वाहनतळाजवळच्या ट्रान्स्फॉर्मरने पेट घेतला. ज्वाळा बाल्कनीपर्यंत पोचल्या नाहीत, पोचला तो धूर. दिवे गेले होते, ध्वनिक्षेपकावरून कोणी सूचना दिली नाही, जादा खुर्च्यांनी बाहेर पडायची वाट अडवलेली होती. ५९ माणसे गुदमरून मेली. त्या संध्याकाळी आमच्या कॉलनीत कोणाच्याही घरी नीट जेवण झाले नाही, कारण प्रत्येकाच्या ओळखीचे कोणी ना कोणी त्या भागात राहत होते.

माणूस आगीत जळून मरतो ही आपली समजूत. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो धुराने आधी बेशुद्ध होतो. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे दहा अर्भके गेली, त्यांतली सात गुदमरून. तिथे धूर पहिल्यांदा दिसला तो एका परिचारिकेला. झोपलेल्या माणसाला तर धुराचा वास जाग आणीलच याची खात्री नसते. त्याला उठवायला आवाजच लागतो, आणि म्हणून ही डबी.

तिचा जन्म मात्र गमतीचा आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर येगर नावाचे शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे यंत्र करू पाहत होते. यंत्र काही वायूला दाद देईना. कंटाळून त्यांनी सिगारेट पेटवली आणि तिच्या धुराने काटा हलला! पुढे अमेरिकेत डेन्व्हर येथे ड्युएन पिअरसॉल हे स्थिर विद्युत घालवणारे उपकरण करत असताना तिथेही एका तंत्रज्ञाच्या सिगारेटनेच मीटर बिघडवला. (सिगारेटच्या खात्यावर जमा करण्यासारख्या एवढ्याच दोन गोष्टी मला ठाऊक आहेत.) पिअरसॉल आणि स्टॅन्ली पीटरसन यांनी १९६५ मध्ये घरात वापरता येईल असा, बॅटरीवर चालणारा अलार्म तयार केला. १९७० च्या दशकात तो कारखान्यांतून मोठ्या संख्येने निघू लागला. अमेरिकेतले घरगुती आगीतले मृत्यू त्यानंतरच्या काळात सुमारे निम्म्यावर आले. त्याला इतरही कारणे आहेत, पण या डबीचा वाटा कोणी नाकारत नाही.

बॅटरीमुळे अलार्म घरोघरी गेला, कारण वायरिंग नको, मिस्त्री नको, वीज गेली तरी चालू. आणि बॅटरीमुळेच तो घरोघरी मुका झाला. अमेरिकेत आगीच्या वेळी न वाजलेल्या अलार्मची तपासणी होते, तेव्हा बॅटरी काढून ठेवलेली किंवा संपलेली असणे हे प्रमुख कारण निघते. काढून का ठेवतात? फोडणीचा खाट उठला की तो किंचाळतो. आपल्याकडे तर मिरचीचा ठेचा आणि धूप-उदबत्ती दोन्ही आहेत. उपाय बॅटरी काढणे हा नव्हे, जागा बदलणे हा आहे. स्वयंपाकघराच्या दारात तो लावू नये. तो शयनगृहाबाहेर, छतावर असावा. किरणोत्सारी कणांवर चालणाऱ्या जुन्या प्रकारापेक्षा प्रकाशकिरणावर चालणारा प्रकार फोडणीला कमी भितो आणि गादी-रजाईच्या धुमसण्याला लवकर ओळखतो.

दिल्लीच्या थंडीचाही यात हात आहे. बॅटरी क्षीण झाली की डबी अर्ध्या-एक मिनिटाला 'टिक्' करते. गारठ्यात बॅटरीचा दाब आणखी उतरतो, म्हणून हे टिकटिकणे नेमके जानेवारीत पहाटे तीन-चारला सुरू होते. घरमालक रजाईतून उठून बॅटरी काढतो, टेबलावर ठेवतो, आणि ती तिथेच राहते. नेमके याच महिन्यांत हीटर, ब्लोअर आणि शेगडी रात्रभर चालू असतात. एक इशारा इथेच देतो: बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून येणारा कार्बन मोनॉक्साइड या अलार्मला कळत नाही. त्याचे यंत्र वेगळे.

आता कायद्याचे. दिल्लीच्या २०१० च्या अग्निशमन नियमांनुसार राहत्या इमारतीला ना-हरकत दाखला लागतो तो १५ मीटरपेक्षा जास्त उंची किंवा तळमजला अधिक चार मजले असतील तर. आपल्यातले किती लोक त्याखालच्या घरांत राहतात! करोलबाग आणि चांदणी चौकातले विटा-खानापूरकडचे गलाईवाले बांधव तर भट्टीच्याच माथ्यावर संसार थाटतात. भट्टीच्या खोलीत धूरसूचक उपयोगाचा नाही, तो दिवसभर वाजेल. तिथे उष्णता ओळखणारा प्रकार लावावा आणि धूरसूचक वर, जिन्याच्या तोंडाशी. याच करोलबागेत १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे अर्पित पॅलेस हॉटेलात १७ जण गेले, तेव्हा पाहुणे झोपेत होते.

उंच सोसायट्यांतल्या मंडळींनीही निर्धास्त राहू नये. नोएडातल्या एका सोसायटीत मी तपासणी समितीबरोबर फिरलो, तर मजल्यामजल्यावरच्या डिटेक्टरवर धूळ बसू नये म्हणून कारखान्यातून येणाऱ्या प्लॅस्टिकच्या टोप्या ताबा मिळून तीन वर्षे झाली तरी तशाच होत्या. पहारेकऱ्याच्या खोलीतल्या पॅनेलचा भोंगा "सारखा वाजतो" म्हणून बंद केला होता, आणि वीज गेल्यावर पॅनेल चालवणाऱ्या बॅटऱ्या फुगल्या होत्या. पुढच्या सर्वसाधारण सभेत लिफ्टच्या रंगावर तासभर चर्चा झाली, यावर पाच मिनिटे.

घरच्या डबीला फार काही लागत नाही. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहावे, दिल्लीची धूळ मऊ ब्रशने काढावी. मल्टिमीटरमध्ये घालतात ती नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. अल्कलाइन मागावी आणि वर्षातून एकदा, थंडी पडण्याआधी बदलावी. दहा वर्षे टिकणाऱ्या लिथियम बॅटरीचे बंद अलार्मही आता मिळतात. डबीचे स्वतःचे आयुष्यही दहाच वर्षांचे असते. बनवल्याची तारीख तिच्या पाठीवर छापलेली असते. नवी बॅटरी घालताना त्या दिवसाची तारीख पेनाने तिच्यावर लिहावी, म्हणजे पुढच्या वर्षी घरात वाद होत नाही.