अन्ननलिकेचा कर्करोग : तीन उपचारांची सांगड

अन्ननलिकेच्या कर्करोगात घास गिळताना अडथळा जाणवू लागेपर्यंत गाठ बहुधा बरीच वाढलेली असते. या रोगाचे मुख्य प्रकार दोन आहेत. अस्तरातील चपट्या पेशींतून उद्भवणारा स्क्वॅमस प्रकार भारतात अधिक आढळतो. तंबाखू व मद्यपान ही त्याची प्रमुख कारणे होत. ग्रंथीपेशींतून उद्भवणारा अ‍ॅडेनोकार्सिनोमा सहसा जठरालगतच्या भागात होतो.

केमोथेरपी आणि किरणोपचार

किरणांचा मारा गाठीवर केला जातो, तर केमोथेरपीची औषधे रक्तावाटे शरीरभर पोहोचतात आणि किरणांचा प्रभावही वाढवतात. अमेरिकेतील एका अभ्यासाच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शस्त्रक्रियेविना हे दोन्ही उपचार एकत्र घेतलेले २६ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी एकही नव्हता. नेदरलँड्समधील ‘क्रॉस’ चाचणीत (२०१२) शस्त्रक्रियेपूर्वी कार्बोप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल आणि ४१.४ ग्रे किरणोपचार देण्यात आले. त्या गटाचा मध्यक जीवनकाळ ४९.४ महिने, तर केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांचा २४ महिने होता. अ‍ॅडेनोकार्सिनोमात मात्र शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर दिलेली ‘फ्लॉट’ केमोथेरपी या पद्धतीहून सरस ठरल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील अभ्यासात दिसून आले.

इम्युनोथेरपीची भर

टी-पेशींवरील ‘पीडी-१’ हा प्रथिनरूपी लगाम ओढून कर्करोग शरीराच्या प्रतिकारशक्तीला रोखतो. निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे तो लगाम सैल करतात. केमोथेरपी, किरणोपचार व शस्त्रक्रियेनंतरही काढलेल्या भागात कर्करोगाचा अंश आढळलेल्या रुग्णांना निवोलुमॅब दिले असता रोगमुक्त काळाचा मध्यक ११ महिन्यांवरून २२.४ महिन्यांवर गेला, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या किंवा दूरवर पसरलेल्या रोगात केमोथेरपीला पेम्ब्रोलिझुमॅबची जोड दिल्यावर मध्यक जीवनकाळ ९.८ वरून १२.४ महिने झाला. हा लाभ मर्यादित असला, तरी तो ‘पीडी-एल१’ प्रथिनाचे प्रमाण जास्त असलेल्या रुग्णांत अधिक दिसतो.

क्रम आणि सावधगिरी

तिन्ही उपचार एकाच वेळी दिल्यास परिणाम तिप्पट होतो, असे नाही. किरणांमुळे लसिकापेशीही नष्ट होतात. किरणोपचार आणि इम्युनोथेरपी या दोहोंमुळे फुफ्फुसांना सूज येऊ शकते. थायरॉईड, यकृत व आतड्यांवरही दुष्परिणाम संभवतात. त्यामुळे रोगाचा प्रकार, टप्पा, ‘पीडी-एल१’ चाचणी आणि रुग्णाचे पोषण पाहून तज्ज्ञांनी क्रम ठरवणे आवश्यक असते. गिळण्यास त्रास होत राहिल्यास किंवा अकारण वजन घटल्यास एंडोस्कोपी करण्यास विलंब करू नये.