चाळिशीनंतर कळलेला ऑटिझम

ऑटिझम म्हणजे स्वमग्नता. ती लहानपणापासूनच असते, मोठेपणी जडत नाही. पण बोलणं, शिक्षण, नोकरी ठीक असेल तर कुणाला शंका येत नाही. बायकांच्या बाबतीत तर जास्तच. चारचौघांत कसं वागायचं ते त्या बघून बघून शिकतात आणि घरी आल्यावर पार गळून जातात. लग्नातला बँड सोसवत नाही म्हणून 'माणूसघाणा' ठरलेले आपल्याकडे किती असतील!

निदान करताना डॉक्टर बालपणाबद्दल विचारतात, म्हणून आई किंवा थोरल्या बहिणीला सोबत न्यावं. ऑटिझम घालवणारी गोळी नाही. सोबतच्या चिंता-नैराश्यावर उपचार होतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. प्रमाणपत्र देशभर चालतं, बेळगावात काढलेलं कोल्हापुरातही. नोकरीतल्या आरक्षणासाठी मात्र किमान ४० टक्के लागतात.