मूत्राशयाचा कर्करोग आणि विषाणुसंसर्ग

मूत्राशयाच्या अस्तरात उद्भवणाऱ्या कर्करोगामागे काही विषाणू असावेत, असा संशय संशोधक बऱ्याच काळापासून घेत आले आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा हात निर्विवाद सिद्ध झाला आहे. मूत्राशयाबाबत मात्र काही पाहण्यांत तो गाठीत सापडतो, काहींत नाही. गाठीत विषाणू सापडला म्हणून रोग त्यानेच केला, असे ठरत नाही.

संशय अधिक बळकट आहे तो बीके पॉलिओमा विषाणूवर. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो आढळल्याचे १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेकांना त्याची लागण लहानपणीच होते आणि तो मूत्रमार्गात निपचित पडून राहतो. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू झाली की उचल खातो. अशा रुग्णांच्या काही गाठींत त्याची जनुके पेशीच्या डीएनएत शिरलेली दिसली आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्याला ‘कदाचित कर्करोगकारक’ मानते. शिवाय विषाणूंशी लढणारी पेशीतली एपोबेक विकरे कधी पेशीच्याच डीएनएत बदल घडवतात, आणि मूत्राशयाच्या गाठींत या बदलांच्या खुणा विपुल असतात. त्यामुळे विषाणू नाहीसा झाल्यावरही त्याने सुरू केलेली हानी मागे उरत असेल, ही शक्यता गांभीर्याने तपासण्याजोगी आहे.

संसर्गातून हा कर्करोग होतो याचा पक्का पुरावा आहे तो विषाणूचा नव्हे, तर शिस्टोसोमा हीमॅटोबियम या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमीचा. ईजिप्तमध्ये त्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसे पोखरली. महाराष्ट्रात गुहागर तालुक्यातील गिमवी गावी मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमा-संसर्गाचे रुग्ण गाडगीळ व शहा यांनी १९५२ मध्ये नोंदवले; गोड्या पाण्यातली एक छोटी गोगलगाय त्या कृमीची वाहक ठरली. भारतातल्या मोजक्या नोंदींत गिमवीचे नाव आजही अग्रभागी आहे.

कोल्हापूर परिसरात मात्र विषाणूंपेक्षा तंबाखूची चिंता आधी करायला हवी. निपाणी-जयसिंगपूरचा तंबाखू-व्यापार जुना. विडी-सिगारेटच्या धुरातली ॲरोमॅटिक अमाइन रसायने रक्तातून लघवीत उतरतात, आणि लघवी तासन्‌तास साठून राहते ती मूत्राशयातच. बेंझिडिनसारखी रंग-उद्योगातली रसायनेही याच गटातली.

लघवीतून न दुखता रक्त जाणे हे या रोगाचे पहिले लक्षण. ‘उन्हाळे लागले’ म्हणून धन्या-जिऱ्याचे पाणी पिऊन ते अंगावर काढले जाते. रक्त एकदाच दिसून थांबले तरी लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास दुर्बिणीने मूत्राशयाची पाहणी करून घेणे आवश्यक आहे.